न मागितलेली माफी

१

माझं नाव हरिदास. शाळा सातवीपर्यंत, ती बी मास्तरनं ढकललं म्हणून. लिहिण्यात चुका निघतील, काढत बसू नका.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांमधे आपल्या मराठी लोकांच्या मंडळाचा एक हॉल आहे. त्याचा मी केअरटेकर. म्हणजे झाडूवाला मी, आचारी मी, चौकीदार मी, माइक लावणारा बी मीच. हॉलच्या मागं एक खोली दिलेली आहे, तिथं मी आन माझी बायको कौशल्या राहतो. खोलीची आन हॉलची भिंत एकच. तिकडं कुणी खुर्ची ओढली की इकडं आमच्या कपातला चहा हलतो.

सकाळी उठून हॉल उघडायचा, खुर्च्या पुसायच्या, स्टेज झाडायचं. कुणाचं बारसं असतं, कुणाची रिटायरमेंट. त्याप्रमाणं स्वयंपाकाला लागायचं. दिवसभर हात चालू आन तोंड बी चालू. मला तोंड आहे हे सगळ्या कॉलनीला माहीत. भाजीवाला, गॅसवाला, मंडळाचे सेक्रेटरी, कुणाला सोडत नाही. आमच्या हिंगोलीकडं लाडानं बोलताना बी शिवी लागते, त्याला मी काय करू? लोक हसायचे. "हरिदासचं तोंड कडू, पण हाताला चव आहे," म्हणायचे.

संक्रांतीनंतर हॉलमधे बायकांचं हळदीकुंकू होतं. पुरुषांचं तिथं काही काम नसतं. मी तेवढा किचनच्या खिडकीत, चहा-उपमा द्यायला. यंदा मंडळानं ठरवलं, पहिलं कुंकू चंद्रप्रभा मॅडमच्या हातनं लावायचं. मॅडम मोठ्या ऑफिसर. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, क्वार्टरमधे एकट्या राहतात. विधवा बाईला मान द्यायचा म्हणून टाळ्या वाजल्या.

आन मी खिडकीतनं बोललो. हळू बोलायची मला सवय नाही.

"स्वतःचा गिळला, आता कुंकू लावून दुसरीचा बी गिळायला निघाली काय?"

मॅडमच्या बोटावरचं कुंकू बोटावरच राहिलं. समोर कुणाची तरी पोरगी फोन धरून शूटिंग करत होती. बायकांचं करत होती, त्यात मी आलो.

दुसऱ्या दिवशी माझं थोबाड सगळ्यांच्या फोनमधे. खाली हिंदीत लिहिलेलं, इंग्लिशमधे लिहिलेलं. कुठले कुठले लोक मला शिव्या देत होते, माझ्यापेक्षा घाण. त्यांचं नाव-गाव कुणी विचारत नव्हतं.

२

मंडळाचे सेक्रेटरी पद्माकर साहेब. त्यांनीच मला या कामावर लावलेलं. ते आले, खुर्चीवर बसले बी नाहीत.

"हरिदास, आता माझ्या हातात काही राहिलं नाही. कमिटी म्हणते काढा."

"एका वाक्यापायी?"

"वाक्य आहे का ते? अरे, टीव्हीवाल्यांचा फोन आला मला."

"साहेब, तुमच्या पार्ट्यांमधे ट्रे घेऊन मीच फिरतो. तिथं तुमचे मोठमोठे साहेब बायकांबद्दल काय बोलतात ते सांगू का? त्यांची नाही जात नोकरी?"

"त्यांचा व्हिडिओ नाहीये," पद्माकर साहेब म्हणाले.

खरं बोलले, म्हणून जास्त राग आला.

मग त्यांनी मला रस्ता सांगितला. माफीचा व्हिडिओ द्यायचा. मॅडमनी माफ केलं तर काम राहील, खोली राहील. नाहीतर महिन्याखेर सामान उचलायचं. गावाकडं आम्हाला ना घर ना रान. आन कौशल्या क्वार्टरांतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावते, तिच्या साड्या एकेक करून परत गेल्या. एका बाईनं तर अर्धा फॉल लावलेली साडी सुईसकट उचलली. कौशल्या मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला बी भांडता आलं असतं.

व्हिडिओ काढायला आशय आला. आमच्या गावचा पोरगा, मुनिरक्याला खोली घेऊन मोठ्या परीक्षेचा अभ्यास करतो, रविवारी आमच्याकडं जेवतो. बाहेर असलं धुकं होतं की हॉलच्या खिडक्यांना कुणी बाहेरून चादर लावल्यासारखं वाटत होतं. त्यानं मला स्टेजवर निळ्या पडद्यापुढं उभं केलं.

"काका, म्हणा. माझ्या वक्तव्यामुळे..."

"वक्तव्य म्हंजे काय रे?"

"तुम्ही बोललात ते."

"मग बोललो म्हण की सरळ."

"बरं, तसं म्हणा. आणि चेहरा थोडा पाडा ना, यार."

"हा पाडलेलाच आहे. देवानंच असा दिलाय."

तो हसला. मी बी हसलो. मग उभा राहिलो तर बोलता येईना. 'माफी'पर्यंत आलो की गाडी तिथंच थांबायची. मॅडमला वाईट वाटलं हे मला दिसलं होतं. तिला एकटीला गाठून मी काय ते बोललो असतो. पण सगळ्या दुनियेला हात जोडायचे? ज्यांनी मला कधी बघितलं नाही, त्यांना? परत केलं, परत अडकलं. शेवटी मी स्टूल लाथाडलं.

"नाही मागत जा! काढा म्हणावं मला!"

आशयनं फोन खिशात घातला आन गेला. मी हॉलला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. कौशल्या दोरे आणायला सरोजिनी नगरला गेलेली. रागारागात भाकरी टाकायला बसलो, तर तव्याला अंगठा चिकटला. त्यावर टूथपेस्ट फासली, जेवलो आन रजई ओढून झोपलो.

३

फोनच्या आवाजानं उठलो. पद्माकर साहेब.

"शाब्बास रे! काय बोललास! चंद्रप्रभाताईंच्या डोळ्यात पाणी आलं म्हणे."

"काय बोललो?"

"आता लाजतोस कशाला? पाहिला सगळ्यांनी. मंडळाच्या ग्रुपवर तूच टाकलास ना?"

"साहेब, माझा फोन बटणवाला आहे."

"मग वहिनींच्या फोनवरून टाकला असशील. बिल्कुल मनापासून बोललास. तुझं काम पक्कं समज."

कौशल्या दारातनं आत येत होती, हातात दोऱ्याची पिशवी. तिचा फोन तिच्याचजवळ होता. तिनं तो माझ्यापुढं धरला. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा हसरा होता.

फोनमधे मी होतो. स्टेज आमचं, पडदा आमचा, अंगात माझाच तपकिरी स्वेटर. हात जोडलेले.

"चंद्रप्रभाताई, माझं चुकलं. तुमच्या कपाळाकडं बघायचा मला हक्क नव्हता. मी लहान माणूस आहे. मला पदरात घ्या."

आवाज माझा. पण असा मऊ, जसं कुणी तान्ह्या लेकराला निजवतंय. मी मॅडमला कधी ताई म्हटलेलं नाही. बोलणं संपलं तरी व्हिडिओ चालूच होता. तो हात जोडून नुसता बघत होता. पापणी हलत नव्हती.

मी आशयला फोन लावला, शिवीनंच सुरुवात केली.

"काका, देवाशपथ, मी काही टाकलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही एक ओळ तरी पूर्ण बोललात का? कुणीतरी कंप्युटरवर बनवला असेल. आजकाल आवाज, तोंड, सगळं बनवतात."

तेवढ्यानं माझ्या जिवात जीव आला. कंप्युटर म्हटलं की सुटलं. मंडळाची अब्रू वाचवायला पद्माकर साहेबांनीच कुणाकडनं तरी करून घेतला असेल, असं मी धरून चाललो. मग कौशल्यानं व्हिडिओ परत लावला, आन मला जोडलेले हात नीट दिसले. उजव्या अंगठ्यावर पांढरं काहीतरी फासलेलं होतं.

"आशय, कंप्युटरवर अंगठ्याची टूथपेस्ट बी बनवतात का?"

"कसली टूथपेस्ट, काका?"

मी फोन ठेवून दिला. अंगठा भाजला तेव्हा मी खोलीत एकटाच होतो.

झोपेत उठून गेलो असेन का? आमच्या गावात एक माणूस झोपेत उठून विहिरीपर्यंत जायचा. मी बी गेलो असेन. कुलूप उघडलं असेल, बोललो असेन. पण शूटिंग कुणी केलं, हे काही त्यात बसेना. मग मी त्याचा विचार करायचं सोडलं. काम राहिलं होतं, खोली राहिली होती. अजून काय पाहिजे?

४

पुढचे दिवस चांगले गेले म्हणायचे. कौशल्याच्या साड्या परत आल्या. कॉलनीत लोक थांबून बोलायला लागले.

दुधाच्या बूथवर गेलो तर तो बूथवाला हसला. "अरे भाईसाहब, फिर आ गए? अभी तो बात करके गए आप. कितने प्यार से बोले, मज़ा आ गया."

मी त्याला बोलणार होतो, तुझ्या डोळ्यात काय माती गेली का. बोललो नाही. पिशवी घेतली आन निघालो. धुकं एवढं दाट की पुढच्याची नुसती पाठ दिसायची. सगळ्यांचेच स्वेटर तपकिरी वाटत होते. भलताच कुणी असेल, मी म्हटलं.

त्याच दुपारी खोलीत पडलो होतो. डोक्यापाशी भिंत. भिंतीपलीकडं कुणीतरी बोलायला लागलं.

आधी वाटलं कुणी टीव्ही लावलाय. मग कान दिला. एकच माणूस होता. थोडं बोलायचा, थांबायचा, परत तेच बोलायचा. पाठ करतात तसं.

"चुकलं, ताई. माझं चुकलं, ताई. पदरात घ्या."

माझी किल्ली माझ्या कमरेला होती. दुसरी किल्ली नाही. मी उठलो, दगडाचा वरवंटा उचलला आन वळसा घालून हॉलच्या दाराशी गेलो. कुलूप लावलेलं होतं. आत शांत. उघडलं.

खुर्च्या एकावर एक ठेवलेल्या. स्टेज रिकामं. किचनमधे बघितलं, पडद्यामागं बघितलं, संडास बघितला. मी मोठ्यानं आयमाय काढली, म्हंजे कुणी लपलं असेल तर बाहेर येईल. माझाच आवाज फिरून आला, पण फिरून आला तेव्हा तो जरा मऊ वाटला. हॉलमधे असं होतं, रिकाम्या हॉलमधे घुमतं, मला माहीत आहे. तरी मी दुसऱ्यांदा ओरडलो नाही.

माइक स्टँडवर होता. लाल दिवा चालू. बंद करायला हात लावला तर माइकची जाळी ओली लागली. तोंड जवळ धरून खूप वेळ बोललं की वाफेनं होते, तशी.

खोलीत आलो तर कौशल्या दारातल्या दोरीवर कपडे वाळत टाकत होती. गुणगुणत होती.

"अहो, एक सांगू?" ती म्हणाली. "आज माझ्याशी जसं बोललात ना, तसं लग्नापासून कधी बोलला नव्हतात."

"कधी बोललो?"

"आत्ता की. मी पेटीकोट पिळत होते, तेव्हा मागं उभे राहून. म्हणालात, कौशल्याताई, तुम्ही माझ्यासाठी लई सोसलं."

"ताई? बायकोला ताई म्हणतो का कुणी, कौशल्ये?"

तिचं हसू थोडं गळालं. "मला वाटलं मस्करी केली."

"तेव्हा माझं तोंड बघितलंस का तू?"

"हातात पिळा होता. मागं वळले तर तुम्ही हॉलकडं निघालेले. पाठ दिसली." तिनं पेटीकोट दोरीवर टाकला. मग हळू बोलली, जणू मलाच समजावत होती. "अहो, असू द्या ना. आता चांगलं बोलताय. लोक चांगलं म्हणतात. कशाला उकरताय?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिनं तोंड वळवून परत गुणगुणायला सुरुवात केली, आन मी तिथं वरवंटा धरून उभाच.

५

माझं डोकं जाड आहे, पण एक गोष्ट मला कळली. ही माफी माझी नव्हती म्हणून ती फिरत होती. मी स्वतः जाऊन मॅडमला तोंडावर एकदा खरं सांगितलं, की बाई, मी बोललो ते वाईट बोललो, व्हिडिओ माझा नाही पण हे माझं आहे, तर हे थांबेल. काम गेलं तर गेलं. हमाली करीन.

सकाळीच निघालो. दहाच्या सुमाराला बी सूर्य नव्हता. मॅडमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, कुणाच्या तरी रेडिओवर हिंदी बातम्या चालू होत्या. नेहमीचं सगळं. मला धीर आला. मी बेल दाबली.

दार साखळीएवढंच उघडलं. फटीत मॅडम. हळदीकुंकवाच्या दिवशी ही बाई काठापदराची साडी नेसून ताठ बसलेली होती. आता केस सुटलेले, अंगावर शाल, गाल बसलेले.

"आज लवकर आलात," ती म्हणाली.

"मी पहिल्यांदाच आलोय, मॅडम."



"काय म्हणालात?"

"पहिल्यांदाच आलोय म्हटलं."

"नाही. मॅडम म्हणालात." तिनं साखळीवरचा हात घट्ट केला. "तो ताई म्हणतो."

मला वाटलं धुकं जिन्यातनं वर चढलं आन माझ्या सदऱ्यात शिरलं.

"तुम्ही रोज येता, हरिदास," ती बारीक आवाजात बोलत होती, जसं आजारी माणूस शेजारी निजलाय. "मी माफ केलं. पहिल्याच दिवशी केलं. तरी येता. आधी दाराबाहेर उभे राहायचात. मग पायपुसण्यावर. परवा सोफ्याजवळ होतात, आणि मी दार उघडलेलं नव्हतं. चुकलं ताई, चुकलं ताई. मी आंघोळ करते तेव्हा बाथरूमच्या दाराबाहेर. ऑफिसला निघते तेव्हा जिन्यात. मी माफी मागा म्हटलंच नव्हतं हो कधी. माझं काय चुकलं, ते तरी सांगा."

"पोलिसात का नाही गेला?"

"काय सांगू त्यांना? माणूस हात जोडून माफी मागतो म्हणून?"

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतनं आवाज आला. किचनकडनं. कुणीतरी भांडं ओट्यावर ठेवलं, जपून, आवाज होऊ नये असं.

"कोण आलंय, ताई?"

माझा आवाज.

मॅडमनं मागं वळून बघितलं नाही. तिनं तोंड फटीला लावलं. तिचा श्वास माझ्या हनुवटीला लागला.

"हरिदास," ती कुजबुजली, "तुमच्यातला खरा कोण, मला आता कळत नाही. चार दिवसांपूर्वी पण एक जण मॅडम म्हणाला होता, दार उघडावं म्हणून. तुम्ही त्या दिवशी हॉलमधे बोललात ना, तसं बोला. शिवी द्या मला. घाणेरडी द्या. त्याला ते येत नाही. तुम्ही दिलीत की मी साखळी काढते, आणि आपण दोघं खाली जाऊ. प्लीज. एक शिवी."

मी आयुष्यात हेच एक काम न शिकता केलेलं. झोपेतनं उठवलं तरी माझ्या जिभेवर शिवी तयार असते. मी तिच्याकडं बघितलं. मनात घाणेरडी शिवी उचलली, आमच्या तालुक्यात जिच्यापायी कोयते निघतात अशी. तोंड उघडलं.

माझे हात वर आले. मी आणले नव्हते. तळव्याला तळवा लागला.

"चुकलं माझं, ताई," मी म्हणालो. मऊ.

आन आतनं बी तेच आलं, त्याच दमात, त्याच सुरात. दोन आवाज नव्हते. एकच होता.

मॅडमचा चेहरा मी लिहू शकत नाही. हॉलमधे सगळ्यांसमोर तिला एवढं बोललो, तेव्हा बी तो असा झाला नव्हता. तिचा साखळीवरचा हात सुटला. तिच्या खांद्यावरून मला किचनची चौकट दिसली. चौकटीत तपकिरी बाही, आन छातीच्या उंचीवर जोडलेले दोन हात. ते हळूहळू पुढं येत होते. हातांच्या वर तोंड असायला पाहिजे होतं. मी तिथं बघितलं नाही.

"हरिदास," ती म्हणाली. कुणाला म्हणाली माहीत नाही.

मी पळालो. हो, पळालो. तिला तिथं सोडून, दोन दोन पायऱ्या गाळत, हात जोडलेलेच, सुटत नव्हते म्हणून खांदा भिंतीला घासत. पहिल्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा वर दार बंद झालं. आतनं. लेकरू जागं होऊ नये म्हणून लावतात, तसं अलगद.

मी जन्मात कधी दार हळू लावलेलं नाही.